किरायाच्या खोलीचं डिपॉझिट अडकलंय आणि कागद एकही नाही

वाचक ताईंचं पत्र:

मी कंत्राटी आरोग्यसेविका आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात २०२३ च्या जुलैपासून दोन खोल्या किरायानं घेऊन राहत होते. महिन्याचा किराया ३,००० रुपये. खोल्या घेताना डिपॉझिट म्हणून २५,००० दिले: १५,००० रोख आणि १०,००० घरमालकाच्या मुलाच्या फोनपेवर. करारनामा केला नाही, पावतीही घेतली नाही. गावातलं मोठं घर, मालक माजी उपसरपंच, त्यामुळे कागद मागायला संकोच वाटला. आता मला वर्धा जिल्ह्यात नेमणूक मिळाली. ८ एप्रिलला व्हॉट्सअॅपवर खोली सोडत असल्याचं कळवलं आणि ३० एप्रिलला सामान हलवलं. पण शेजारच्या काकू म्हणाल्या, पैसे मिळेपर्यंत किल्ली देऊ नको, म्हणून दिवाण आणि कूलर आत ठेवून कुलूप लावून आले. आता जून संपत आला. मालक म्हणतात, कूलरच्या पाण्यानं खिडकीखालचं प्लास्टर गेलं त्याचे १०,०००, रंगाचे ६,००० आणि मे-जूनचा किराया ६,०००. उरले ३,०००, तेही "कापूस निघाला का देतो, कुठी पयून चाललो का मी?" जास्त बोलले तर "तुमच्यापाशी काय कागद हाय?" म्हणतात. त्यांच्या सुनेचं बाळंतपण मीच पाहिलं, त्यामुळे भांडायला जीव होत नाही. पैसे गेले असं समजू का?

उत्तर:

ताई, पैसे गेले असं अजिबात समजू नका. २५,००० रुपये म्हणजे कंत्राटी नोकरीत फार मोठी रक्कम आहे आणि ती मागण्यात भांडण कसलं? बाळंतपण तुम्ही तुमचं काम म्हणून आणि माणुसकीनं पाहिलं. त्याची आठवण ठेवून पैसे सोडायचे असतील तर ते कुणी सोडायचे, हे तुम्हीच सांगा.

"कागद हाय का?" हा प्रश्न ऐकून तुम्ही गप्प झालात, आणि त्या प्रश्नाचा उपयोग तेवढाच असतो. तोंडी व्यवहार कायद्यात बसत नाही हा गैरसमज आहे. अख्ख्या विदर्भाची शेती तोंडी शब्दावर चालते. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ओट्यावर बसून ठरतं, वावर ठेक्यानं दिलं जातं ते दोन माणसांसमोर शब्द देऊन. तुमच्या घरमालकानंही अशी वावरं दिली-घेतली असतील. ठेक्याचे पैसे मागायला गेल्यावर त्यांना कुणी "कागद कुठाय?" म्हटलेलं चालेल का?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०७ प्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा किंवा सालाच्या हिशेबानं केलेला भाडेपट्टा नोंदणीकृत लागतो. त्याखालचा व्यवहार तोंडी ठरवून ताबा दिला तरी चालतो. तुम्ही महिन्याच्या महिन्याला किराया देत होतात, तो असाच व्यवहार आहे. त्यामुळे करार होता की नाही याची चिंता सोडा. तुम्हाला सिद्ध करायचंय ते एवढंच, की २५,००० दिले होते आणि ते परत मिळायचे होते. त्याचा पुरावा अजूनही तयार करता येतो, आणि तो घरमालकाकडूनच मिळेल. कसा, ते पुढे सांगते. आधी किल्लीचं बघू.

काकूंनी सल्ला काळजीपोटी दिला, पण तो तुम्हाला महागात पडतोय. तुमचं सामान आत आणि कुलूप तुमचं, म्हणजे ताबा तुमचा. ताबा आहे तोवर किराया मागायला त्यांना कारण मिळतं, आणि जुलैही असाच गेला तर आणखी ३,००० कापतील. येत्या सुट्टीला एखादं नात्यातलं माणूस सोबत घेऊन जा. दार उघडल्यापासून मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा: भिंती, छत, फरशी, मोरी, दारं, खिडक्या, मीटरचं रीडिंग. खिडकीखालच्या फुगलेल्या प्लास्टरचे जवळून फोटो घ्या, आणि बाजूला टेप किंवा पट्टी धरा, म्हणजे किती फूट खराब झालं ते दिसेल. दिवाण, कूलर बाहेर काढा आणि किल्ली घरमालकाच्या हातात द्या. एका कागदावर "आज तारीख अमुक, दोन्ही खोल्यांची किल्ली मिळाली" एवढं लिहून सही घ्या. सही देत नसतील तर किल्ली देतानाचा फोटो काढा आणि तिथे उभं राहूनच "काकाजी, किल्ली आता तुम्हाला दिली" असा मेसेज टाका.

आता पुराव्याचं. तुम्ही आतापर्यंत फोनवर बोलत आलात. यापुढे बोलणं कमी आणि लिहिणं जास्त. किल्ली दिल्यावर एक-दोन दिवसांत हा मेसेज पाठवा, आपल्या शब्दांत बदलून:

"काकाजी, नमस्कार. जुलै २०२३ मध्ये खोल्या घेताना तुमच्याकडे डिपॉझिटचे २५ हजार दिले होते, १५ हजार रोख आणि १० हजार दादांच्या फोनपेवर. एप्रिलपर्यंतचा किराया पूर्ण दिला आहे. किल्लीही दिली. कूलरमुळे प्लास्टर खराब झालं त्याचा खर्च द्यायला मी तयार आहे, गवंडी दाखवून आकडा ठरवू. तो आणि लाईट बिल कापून बाकीचे पैसे कोणत्या तारखेला देता ते कळवा. मला इकडे खोलीचं डिपॉझिट भरायचं आहे."

यात धमकी नाही, वकिलाचं नाव नाही, रागाचा शब्द नाही. मुद्दाम तसं आहे. घरमालक याला उत्तर देताना प्लास्टरवर वाद घालतील, रंगाचा खर्च सांगतील, कापसाचं कारण देतील. पण "रंगाचे ६ हजार कापून देतो" असं लिहिलं की डिपॉझिट घेतल्याचं त्यांनी स्वतःच लिहून दिलं. कापायचं तरी कशातून, हा प्रश्न मग कोणीही विचारू शकतो. त्यामुळे त्यांनी घासाघीस केली तर वाईट वाटून घेऊ नका, तिथेच तुमचं काम होतंय. उत्तर आलंच नाही तरी मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा राहतात आणि त्यांनी तो आकडा नाकारला नाही हेही राहतं.

हा फोन जपा. चॅट डिलीट होऊ देऊ नका, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, आणि मोबाईलमधला मजकूर कोर्टात द्यायचा तर त्याच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते तयार करायला वकील मदत करतात, पण मूळ फोन आणि मूळ मेसेज हाती असले तर काम सोपं होतं. नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका.

बाकीचा पुरावा घरातच शोधा. फोनपेचा १०,००० चा व्यवहार बँकेच्या स्टेटमेंटमधून काढून घ्या. उद्या ते म्हणतील की तो आगाऊ किराया होता. मग दर महिन्याचे ३,००० वेगळे गेलेले दाखवा, जुलै २०२३ पासून एकही महिना न चुकता, म्हणजे तो दावा तिथेच पडतो. रोख १५,००० दिले त्याच्या आसपास खात्यातून पैसे काढले असतील तर पासबुकातली ती नोंद महत्त्वाची. खोली दाखवायला कोण आलं होतं? बहुतेक वेळा आशाताई किंवा अंगणवाडीताई असतात. पैसे देताना त्या बसल्या होत्या का, हे त्यांना विचारून ठेवा. साक्ष द्या म्हणून आताच आग्रह धरू नका, त्यांना त्याच गावात राहायचंय. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला ऑफिससाठी काढला असेल तर त्याची प्रत फार कामाची आहे. तुम्ही त्या गावात राहत होतात हे खुद्द ग्रामपंचायत सांगते.

आणखी एक गोष्ट पाहा. ते घर कागदोपत्री कुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा मिळतो, त्यात घराचा मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते दिसतं. गावाकडे घर आजीच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर, कारभार थोरल्याकडे आणि फोनपे मुलाचं, असं सर्रास असतं. पुढे नोटीस द्यायची वेळ आली तर खोली ज्यांनी दिली, पैसे ज्यांनी घेतले आणि उताऱ्यावर ज्यांचं नाव आहे, त्या सगळ्यांची नावं घाला. नाहीतर "घर माझं नाहीच" हे उत्तर तयार असतं.

आता हिशेब. इथे मी तुमच्याशी स्पष्ट बोलते, कारण सगळंच घरमालकाचं खोटं नाही.

प्लास्टरची जबाबदारी तुमच्याकडे येते. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय निभत नाही हे खरं, पण खिडकीत ठेवलेल्या कूलरची टाकी गळत राहिली आणि महिनोन्महिने भिंत ओली राहिली तर ती झीज नेहमीच्या वापराची म्हणता येणार नाही. मात्र खिडकीखालचं चार-पाच फुटांचं प्लास्टर खरडून पुन्हा करायला १०,००० लागतात का, हे गवंड्याला विचारा, तेही त्यांच्या ओळखीच्या नव्हे, तुमच्या. माल किती, मजुरी किती, हे कागदावर लिहून घ्या आणि तेवढे कबूल करा. तुम्ही स्वतःहून कबूल केलेल्या या रकमेमुळे बाकीची मागणी खरी वाटते, गावची तंटामुक्त समिती असो की न्यायाधीश.

रंगाचे ६,००० देऊ नका. त्याच १८८२ च्या कायद्याच्या कलम १०८ मध्ये लिहिलंय की किरायेदारानं जागा घेतली तशीच परत द्यायची, पण रोजच्या वापरानं होणारी झीज सोडून. पावणेतीन वर्षांत चुना उडतो, चुलीच्या किंवा गॅसच्या बाजूची भिंत काळी पडते, पावसात कवेलूतून पाणी गळून ओघळ येतात, दाराच्या चौकटीला उधई लागते. यातलं काहीही तुमच्या डिपॉझिटमधून कापायचं नसतं. रंग द्यायचाच होता तर तो पुढच्या किरायेदारासाठी द्यायचाय. खिडकीची काच फुटली असेल, नळाची तोटी तुटली असेल, तर ते द्या.

मे-जूनच्या किरायावर तुम्हाला थोडं नमतं घ्यावं लागेल असं मला वाटतं. वेगळं काही ठरलेलं नसेल तर महिन्याच्या किरायाची जागा सोडायला कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस पुरते. तुम्ही ८ एप्रिलला कळवलं, म्हणजे एक महिन्याची नोटीस दिली नाही म्हणून कापतो, असं म्हणता येणार नाही. पण कुलूप तुमचं राहिलं ही त्यांची बाजू आहे. तडजोडीत एक महिन्याचा किराया सोडायची तयारी मनात ठेवा. बोलणीच्या सुरुवातीला मात्र ते सांगू नका.

असा हिशेब धरला, तर प्लास्टरचा खरा खर्च, थकलेलं लाईट बिल आणि फार तर एक महिन्याचा किराया वजा जाता डिपॉझिटचा मोठा भाग तुमच्याकडे परत यायला हवा. "उरले ३,०००" हे मान्य करू नका.

कापसाच्या कारणाचं काय? जून अखेरीस शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो हे तुम्हालाही ठाऊक आहे. बी, खत, पेरणी यात सगळं गेलेलं असतं, आणि वेचणी सुरू होते दिवाळीच्या सुमारास. त्यामुळे ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण "कापूस निघाला का" ही तारीख होत नाही. कापूस निघेल, मग भाव पडला म्हणून घरात ठेवतील, मग लग्न निघेल. म्हणून मुदत द्या, पण लिहून घेऊन द्या. उदाहरणार्थ पाच हजार आता पोळ्यापर्यंत, बाकी १५ डिसेंबरपर्यंत. साध्या कागदावर चिठ्ठी करा: किती घेतले होते, किती कापायचं ठरलं, किती बाकी, कोणत्या तारखेला किती. रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही, खाली दोन साक्षीदार. मुलाच्या फोनपेवर पैसे गेले होते, म्हणून मुलाचीही सही घ्या. अशा सहीच्या कबुलीचा आणखी एक फायदा आहे. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि मुदत संपण्याआधी अशी लेखी कबुली मिळाली तर मुदत अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. चिठ्ठी मिळाली नाही तर ३० एप्रिलपासून तीन वर्षं धरून चाला आणि शेवटच्या वर्षापर्यंत थांबू नका.

गावात कुणाकडे जायचं? महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हापासून गावोगावी तंटामुक्त समित्या आहेत. काही गावांत त्या खरंच बसतात, ऐकतात, मिटवतात. काही गावांत नावाला उरल्यात. तुमचे घरमालक माजी उपसरपंच, म्हणजे समितीतले निम्मे लोक त्यांच्या बैठकीतले असणार. तरीही एकदा जा, एकट्या जाऊ नका, आणि तोंडी सांगण्यापेक्षा अर्ज देऊन पोच घ्या. अशा मोठ्या घरच्या माणसाला चारचौघांत "किरायेदाराचे पैसे ठेवले" हे ऐकायला नको असतं, आणि पुष्कळदा तेवढ्यावर गोष्ट मिटते. समितीचा शब्द कोर्टाच्या आदेशासारखा बांधून ठेवत नाही, पण तिथे दोघांनी सही केलेला कागद पुरावा म्हणून पक्का असतो. एका बैठकीत काही झालं नाही तर दुसऱ्या तारखेची वाट बघत वर्ध्याहून हेलपाटे घालू नका.

पोलीस स्टेशनला पैशासाठी जाऊ नका. ते "ही दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवतील, आणि फसवणुकीची तक्रार केली की बोलणीचं दार बंद होतं. कुलूप तोडून सामान बाहेर फेकलं, सामान अडवून ठेवलं किंवा धमकी दिली, तर मात्र लगेच लेखी तक्रार द्या.

यानंतरही पैसे आले नाहीत तर नोटीस. ती तुम्ही स्वतः लिहू शकता. मेसेजमधलाच हिशेब, १५ दिवसांची मुदत, आणि मुदतीत पैसे न दिल्यास व्याजासह मागणी करीन हे वाक्य. व्याजाचा उल्लेख विसरू नका, कारण आधी काही ठरलेलं नसताना व्याज मागायचं तर लेखी मागणी केलेली लागते. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय, म्हणून स्पीड पोस्टानं पाठवा, पोस्टात पोच मागा आणि पावती नोटिशीच्या प्रतीला टाचून ठेवा.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. वकील परवडणार नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १५१०० आहे. घरमालक राहतात त्या तालुक्याच्या समितीत अर्ज द्या आणि प्रकरण दाखलपूर्व म्हणून लोकअदालतीत ठेवा, असं सांगा. दाखलपूर्व म्हणजे अजून दावा टाकलेला नाही, त्यामुळे कोर्ट फी लागत नाही. घरमालकाला कोर्टाच्या पत्त्यावरून पत्र जातं, दोघांना समोरासमोर बसवतात. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. तुमच्यासारख्या प्रकरणाला हीच जागा योग्य आहे. तडजोड झालीच नाही तर त्याच तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, कनिष्ठ स्तर, वसुलीचा दावा. तो वेळ खातो, म्हणून मी तो शेवटी ठेवते.

शहरातले ओळखीचे तुम्हाला एक गोष्ट सांगतील: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते, आणि त्यानं तो नोंदवला नाही तर अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे खरं आहे. पण तो कायदा ठरावीक भागांनाच लागू होतो, मुख्यतः शहरं आणि नगर परिषदांची गावं. ग्रामपंचायतीच्या गावात त्याच्या भरवशावर राहू नका. विधी सेवा समितीच्या वकिलाला तुमच्या गावाचं नाव सांगून विचारा. लागू असेल तर हात बळकट झाला, नसेल तरी वर सांगितलेलं सगळं तसंच राहतं.

वर्ध्याकडच्या नव्या खोलीचं डिपॉझिट देताना पूर्ण रक्कम बँकेतून किंवा फोनपेनं द्या, आणि शेऱ्यात "खोली डिपॉझिट" असं लिहा. घरमालकाच्या स्वतःच्या नंबरवरच द्या, मुलाच्या किंवा जावयाच्या नको. कूलरचा स्टँड भिंतीपासून बाहेर लावून घ्या. आणि पहिल्या दिवशीचे भिंतींचे फोटो त्यांनाच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा.